भटकभवानीचे डोळे

आइंडहोव्हन या डच शहराशेजारी बेस्ट नावाचं एक गाव आहे. नावावर जाऊ नका, गाव साधंच आहे. तिथल्या समाजमंदिरात दर रविवारी दुपारी पाच-सहा टेबलं जोडून एक क्लब भरतो, आणि त्या क्लबात ऑक्टोबरातल्या एका ओल्या, चिकचिकीत रविवारी संहिताचा अंगठा आणि तर्जनी एका बुटक्या योद्ध्याच्या पाठीला चिकटली. चिकटली म्हणजे घट्ट, मूर्ती जोडायच्या गोंदाने. ओढावं तर योद्ध्याचा हात निखळणार, नाहीतर तिची कातडी.

“मेले मी,” ती पुटपुटली. मराठीत पुटपुटलेलं इथे कुणाला कळत नाही असा तिचा आजवरचा अनुभव होता.

“त्याने कुणी मरत नाही,” शेजारच्या टेबलावरून मराठीतच आवाज आला. “पण ओढू नका.”

तिने वळून पाहिलं. चष्मा, दोन दिवसांची दाढी, कोपरावर विरलेला स्वेटर. हातातला ब्रश त्याने आधी नीट पुसला, आडवा ठेवला, त्याचं टोक बोटांनी जुळवलं... आणि मग कुठे उठला. इकडे बाई चिकटून बसलीय आणि याला ब्रशाची काळजी, असं संहिताच्या मनात आलंच. तो येऊन समोर बसला, खांद्यावरच्या पिशवीतून एक छोटी गुलाबी बाटली काढली आणि कापसाच्या काडीने तिच्या बोटांच्या कडेने हळूहळू फिरवू लागला.

“हे नेलपॉलिश रिमूव्हर आहे,” संहिता म्हणाली.

“हो.”

“तुम्ही नेलपॉलिश लावता?”

“रविवारी नाही,” तो मान वर न करता म्हणाला.

संहिताला हसू आलं आणि हात हलला. “हलू नका,” तो म्हणाला. आता हेच तर तिला आयुष्यात जमलं नव्हतं. पण त्या दिवशी कशी कोण जाणे, ती गप्प बसली. खिडकीवर पाऊस बारीक टिचक्या मारत होता, कापसाची काडी गार लागत होती, आणि या माणसाच्या पापण्या इतक्या लांब आहेत हे तिला उगाचच दिसलं.

त्याचं नाव अनिमेष. मूळचा पेणचा, इथल्या विद्यापीठात पीएचडी करायला आला, मग इथेच नोकरीला लागला आणि जवळच्या न्यूनेन गावात राहू लागला. संहिता चिप बनवायच्या यंत्रांवर काम करणारी इंजिनीअर. दोघांनाही एकच खूळ होतं. बोटाच्या दोन पेरांएवढ्या मूर्ती – चेटकिणी, बुटके योद्धे, शिंगवाले राक्षस – सुट्या भागांतून जोडायच्या, रंगवायच्या आणि पुठ्ठ्याच्या पडक्या किल्ल्यांत त्यांची फाशांवर लढाई लावायची. प्रत्येकाची टोळी पाच-सहा जणांची. जाणत्या वयात हे काय, असं विचारणाऱ्यांना दोघांनीही उत्तर देणं सोडून दिलं होतं.

बोटं सुटली. अनिमेषने तिच्या खोक्यात डोकावून पाहिलं. खोकं मूर्तींनी गच्च भरलेलं होतं. एकीचं धड दुसरीला, तिसऱ्याची टोपी चौथ्याला, अशा तिने स्वतःच्या डोक्याने बेतून जोडलेल्या, एकीसारखी दुसरी नाही. आणि सगळ्या करड्या. नुसता रंगाआधीचा अस्तराचा फवारा मारलेला, पुढे काही नाही.

“यातली एकही रंगवलेली नाही?”

“वेळ नाही मिळाला.”

“जोडायला मिळाला?”

“जोडताना हात चालतात हो. रंगवायला बसावं लागतं...” ती म्हणाली आणि त्याच्या टेबलाकडे हनुवटीने खूण केली. “आणि तुमच्या त्या सरदाराचा तलवारीचा हात उलटा लागलाय.”

“डावखुरा आहे तो.”

“दोन्ही हात डावे आहेत त्याला.”

अनिमेषने चष्मा वर सरकवून आपल्या सरदाराकडे पाहिलं. झग्यावर दुमडीदुमडीतून निळ्याच्या छटा उतरत गेलेल्या, जरीचा काठ केसाएवढा बारीक... आणि खरंच, दोन्ही हात डावे. तो लाजला. कानापर्यंत लाजला. संहिताला तो त्याच क्षणी आवडला, आणि तिने ते स्वतःपासून लपवायचा फारसा प्रयत्नही केला नाही.

सौदा तिथेच ठरला. ती जोडणार, तो रंगवणार. क्लब चालवणारी मराइके, निवृत्त बसचालक, उंच, ताठ आणि कडक, तिचा नियमच होता की वर्षाच्या मोठ्या सामन्यात करडी मूर्ती टेबलावर येणार नाही. सामना मार्चच्या पहिल्या रविवारी. “तोवर होईल?” संहिताने विचारलं. “एक तरी होईल. बाकीची टोळी माझी घ्या,” अनिमेष म्हणाला, आणि तिला वाटलं गंमत करतोय.

तो गंमत करत नव्हता.

अनिमेष दर शनिवारी न्यूनेनहून सायकलने यायचा, वाटेतल्या सोन गावच्या कालव्यावरून, बहुतेक वेळा तोंडावर वारा घेत. ट्रेन-बसने ये म्हटलं तर म्हणायचा, “सायकलवर विचार करता येतो.” इतका विचार करून हा बोलत तर काहीच नाही, असं संहिताला वाटे. तो तिच्या जेवणाच्या टेबलावर आपला स्टीलचा पोळ्यांचा डबा उघडायचा. त्यात पोळ्या नसत. ओला स्पंज, त्यावर बेकिंगचा कागद आणि त्यावर रंगाचे थेंब, वाळू नयेत म्हणून. मग एक पातळ हात, वाळेपर्यंत थांबणं, पुन्हा एक पातळ हात. आणि या सगळ्या काळात रंगत होती ती एकच मूर्ती.

ती संहितानेच जोडलेली. पाय एका शिकाऱ्याचे, धड एका चेटकिणीचं, पाठीवर गाठोडं, हातात काठी, झग्याचा घोळ वाऱ्यावर उडालेला. कुठेतरी निघालेली बाई. अनिमेषने तिचं नाव विचारलं तेव्हा संहिता म्हणाली, “भटकभवानी. आई मला तेच म्हणते.”

आईचं म्हणणं खोटं नव्हतं. बाबा बँकेत, दर तीन वर्षांनी बदली. मिरज, नांदेड, जळगाव, चिपळूण... अर्धी खोकी कधी उघडलीच जायची नाहीत. पुढे बदल्या थांबल्या, पण संहिताच्या पायाला बांधलेली भिंगरी काही सुटली नाही. पुणे, बंगळूर, ड्रेस्डेन आणि आता बेस्ट. नवं गाव जुनं वाटू लागलं की तिच्या तळपायांना मुंग्या येत. खुर्चीत बसली तर पाय हलवायची, फोनवर बोलताना घरभर फिरायची, भात शिजेपर्यंत झाकण चारदा उघडून बघायची.

“बस ना जरा,” अनिमेष म्हणायचा. केव्हातरी डिसेंबरात ते “तुम्ही”वरून “तू”वर आले होते, आणि कोण आधी आलं यावर अजून वाद होता.

“बसलेय की.”

“टेबल हलतंय.”

“मग तू झग्याऐवजी डोळे रंगव, हललेला हात शोभून दिसेल. महिना झाला, तिला डोळे नाहीत. आंधळी फिरतेय बिचारी.”

“डोळे शेवटी.”

“का पण?”

अनिमेषने ब्रश पाण्यात खळबळला. “पेणला आमच्या काकांचा गणपतीचा कारखाना. मी लहानपणापासून तिथेच. पितांबर मी रंगवायचो, उंदीर रंगवायचो. डोळ्यांची आखणी मात्र फक्त काकांची. सगळं झाल्यावर, शेवटी. आम्ही नुसतं बघायचं.” त्याने ब्रश टिपून घेतला. “मी अजून कुणाचे डोळे धड काढलेले नाहीत. माझ्या सरदाराचे बघ, टोपीखाली लपवलेत.”

“म्हणजे तू घाबरतोस,” संहिता म्हणाली.

“हो,” तो म्हणाला, इतकं सरळ की पुढची थट्टा तिच्या ओठांवरच राहिली. त्याने तिच्याकडे पाहिलं, नको तितका वेळ पाहिलं, आणि मग पुन्हा झग्याच्या काठाकडे वळला. संहिता उठून भाताचं झाकण उघडायला गेली. भात लावलेलाच नव्हता.

असं सगळं चाललं होतं. कुणीच काही बोलत नव्हतं, आणि न बोलण्यातही एक गोडी असते म्हणतात. पण ती गोडी निवांत माणसांसाठी. संहिताचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

त्यातच फेब्रुवारीत ऑफिसमध्ये विचारणा झाली. तैवानला जाशील का? दोन वर्षं, मोठं काम, मोठं पद. तिच्या तळपायांना लगेच ओळखीच्या मुंग्या आल्या. याआधी अशा प्रश्नाचं उत्तर द्यायला तिला कधी एक रात्रही लागली नव्हती. जागच्या जागी “हो” म्हणून मोकळी व्हायची. या वेळी ती म्हणाली, “सांगते.” आणि सांगायची शेवटची मुदत आली, ती सामन्याच्या दुसऱ्याच दिवशीची. सोमवारची.

अनिमेषला तिने यातलं अवाक्षरही सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी काय? त्याने “जाऊ नकोस” म्हणावं म्हणून सांगायचं, आणि तो म्हणाला, “अरे वा, अभिनंदन,” तर? तसं म्हणणाऱ्यातलाच होता तो. तिला तो हवा होता. अगदी हवा होता, त्याच्या पोळ्यांच्या डब्यासकट. पण हा माणूस पाच महिन्यांत एका बाईचे डोळे काढत नाही, तर स्वतःच्या मनातलं कधी काढणार?

सामन्याच्या आदल्या शनिवारी अनिमेषने भटकभवानी तिच्या हातात ठेवली. हिरव्या झग्यावर मातीचे शिंतोडे, गाठोड्याला जुनं लुगडं वाटावं असा लाल काठ, गालांवर किंचित वाऱ्याची लाली. डोळ्यांच्या जागी नुसता कातडीच्या रंगाचा हात.

“पायाखालचा तळ तू लाव,” तो म्हणाला. “डोळे मी उद्या हॉलमध्येच काढतो, सामन्याआधी. आणि वार्निशचा स्प्रे आज मारू नकोस हं. हवा दमट आहे. उद्या परवा कोरडं पडलं की मी मारतो.”

“बरं.”

“नक्की?”

“लहान आहे का मी?”

तो गेला. जिन्यावर त्याची पावलं वाजली, खाली सायकलचं कुलूप खडखडलं. संहिताने बुचाच्या तुकड्यावर वाळकं शेवाळ चिकटवून तळ लावला. पंधरा मिनिटांत काम संपलं आणि समोर अख्खी दुपार पसरली. ऑफिसच्या साहेबांचा मेसेज आला – सोमवार लक्षात आहे ना. आईचा फोन आला. आईला तैवानचं माहीत होतं.

“जाणार असशील तर जा बाई,” आई म्हणाली. “तुझ्या बाबांची बदली आली की मी आधी खोबरेलाची बाटली पिशवीत टाकायचे, मग रडायचे. पण तेव्हा मला कुणी विचारत नव्हतं. तुला विचारतायत, तर विचार करून सांग.”

विचार! तोच तर होत नव्हता. संहिता घरभर फिरली. सोफ्यावरची उशी झटकली, पुन्हा झटकली. निदान एक, एक गोष्ट तरी आज पुरी व्हावी असं तिला इतकं वाटलं, इतकं वाटलं, की तिने वार्निशचा डबा उचलला, बाल्कनीत गेली आणि फवारा मारला. बाहेर धुकं होतं. पाऊस नव्हता म्हणजे हवा कोरडीच, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

भटकभवानी तिच्या डोळ्यांदेखत पांढरी पडली. झगा, गाठोडं, गाल, सगळ्यावर पिठूळ साय चढली. फरशीवर सांडलेल्या रांगोळीतून उचलावी तशी दिसू लागली.

पाच महिने. सोनच्या कालव्यावरचा तो सगळा वारा. पुसून पाहिलं, फुंकून पाहिलं, काही उपयोग नाही. फोनवर शोधलं तर कुणीतरी लिहिलं होतं की वार्निश दमट हवेत असंच दगा देतं, त्यावर तेलाचा अगदी पातळ हात फिरवला तर रंग पुन्हा दिसतात. तेल! स्वयंपाकघरात सूर्यफुलाचं होतं, पण पाच महिन्यांच्या कामावर फोडणीचं तेल कसं लावायचं? आणि घरात आईने पाठवलेलं चिपळूणच्या घाण्यावरचं खोबरेल होतं. आईच्या मते खोबरेल लागू पडत नाही अशी व्याधी अजून जन्मायची आहे. बाटली खिडकीत गोठून पांढरीधोप झाली होती. संहिताने ती रेडिएटरवर ठेवली. तेल वितळलं, तिने ब्रशाने अलगद हात फिरवला, आणि काय सांगावं, हिरवा झगा परत आला. लाल काठ आला. गालांवरची लालीही आली. रंग आधीपेक्षा झळझळीत दिसायला लागले. संहिताने आईला मनातल्या मनात दंडवत घातला आणि मूर्ती रेडिएटरवरच्या फळीवर उबेला ठेवून दिली.

ऊब. तीच तर ग्यानबाची मेख होती, आणि इंजिनीअर बाईंच्या ती ध्यानात आली नाही.

रविवारी ती हॉलमध्ये चालत गेली, कोटाच्या खिशात मूर्ती मुठीत धरून. हॉल गारठलेला होता. गॅस महाग झाल्यापासून मराइके हीटर जेमतेम लावायची आणि कुणी कुरकुरलं तर “आणखी एक स्वेटर घाला” म्हणायची. संहिताने भटकभवानीला पुठ्ठ्याच्या बुरुजाशी उभं केलं. मराइकेने वाकून पाहिलं, “सुंदर,” म्हणाली, आणि तिच्या तोंडून हा शब्द क्लबात फारसा कुणी ऐकलेला नव्हता.

अनिमेष आला. नाक थंडीने लाल, केस वाऱ्याने उभे. मूर्तीकडे पाहून तो हसला आणि आपला डबा, ब्रश, पाणी मांडू लागला. त्याच्या पद्धतीप्रमाणे, म्हणजे सावकाश. संहिता शेजारी उभी राहून त्याच्या मानेकडे बघत होती. आता सांगावं... डोळे काढून झाले की सांगावं... सामना झाला की...

“ही भूत आहे का?” मराइकेने इंग्रजीत विचारलं.

संहिताने वळून पाहिलं. काठीचं टोक पांढरं झालं होतं. मग बोटं. मग झग्याचा घोळ. समोर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत भटकभवानीवर हळूहळू साय धरत होती.

अनिमेषने मूर्ती उचलली. चष्म्याजवळ नेली, मग नाकाजवळ. त्याच्या कपाळावर आठी पडली.

“संहिता,” तो म्हणाला. “हिला खोबरेलाचा वास येतोय.”

तो मूर्ती मुठीत धरून उभा राहिला, थोड्या वेळाने मूठ उघडली. झगा हिरवागार. त्याने ती टेबलावर ठेवली. पांढरी. पुन्हा उचलली. हिरवी. संशोधकच तो. आणखी एकदा करून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडेना.

“मी स्प्रे मारला,” संहिता एका दमात म्हणाली. “तू नको म्हणालास तरी मारला. मग ती पांढरी झाली. मग मी खोबरेल लावलं. आणि मला तैवानला बोलावलंय, दोन वर्षांसाठी. उद्या सांगायचंय. तुला सांगितलं नाही. आता सांगितलं.”

टेबलाभोवतीच्या डच मंडळींना शब्द कळले नाहीत, पण सूर कळला. सगळे एकदम आपापले फासे मोजू लागले.

“चहा ठेवूया?” अनिमेष म्हणाला.

हॉलच्या मागे एक बोळकांडीएवढं स्वयंपाकघर होतं. किटली लावली. ती गुरगुरू लागली. अनिमेष ओट्याला टेकून उभा, मूर्ती अजून मुठीत.

“रागावलास?”

“पाच महिने काम केलंय मी हिच्यावर. रागावलोय थोडा.”

“आणि तैवान?”

संहिताने डावा पाय हलवायला सुरुवात केली, मग उजवा.

“आमच्या कारखान्यात,” अनिमेष हळूच म्हणाला, “काकांनी डोळे काढले की मूर्ती पुरी झाली. मग गिऱ्हाईक यायचं आणि घेऊन जायचं. मी लहान असताना एक मूर्ती मला फार आवडली होती. काकांना म्हटलं, हिचे डोळे काढू नका. काका हसले. संध्याकाळी फळी रिकामी.” त्याने मूठ उघडून पाहिली, मिटली. “हिचं काम नाताळालाच संपलं होतं, संहिता. झग्याला मी उगाच हात देत बसलो. हिचे डोळे झाले की मी शनिवारी कशासाठी येणार होतो?”

किटली खटकन बंद झाली.

“जेवायला,” संहिता म्हणाली. “माझ्यासाठी... नुसतं येता आलं नसतं? मी काय मूर्ती आहे, कुणीतरी येऊन उचलून न्यायला?”

“तू स्वतःच उठून जातेस,” अनिमेष म्हणाला. “ते जास्त अवघड आहे. मला तू आवडतेस. खूप. सायकलवर अख्खा रस्ता मी हेच वाक्य जुळवतो आणि तुझ्या जिन्यापाशी आलो की पुन्हा सुटं होतं.”

“मग म्हण ना, जाऊ नकोस.”

“नाही म्हणणार.” तो पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत बघून बोलला. “माझ्यासाठी राहिलीस तर तुझे पाय टेबलाखाली हलत राहतील. मला ते टेबल नकोय. तू ठरव. मी कुठे आहे ते तुला माहीत आहे.”

संहिताच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते बाहीने पुसलं आणि हात पुढे केला.

“आण ती इकडे. आज डोळे झालेच पाहिजेत.”

“तेलावर रंग धरणार नाही.”

“मग तोंड धुऊ तिचं.”

त्यांनी भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब कापसाच्या काडीवर घेतला आणि भटकभवानीचा तेवढा चेहरा धुतला. अनिमेषने आपला सगळ्यात बारीक ब्रश आणला, टोकावर काळ्या रंगाचा कण घेतला... आणि तो संहितापुढे धरला.

“मी?”

“काका मला कधी देत नव्हते. मी तुला देतोय. दोन्ही मनगटं एकमेकांना टेकव. श्वास सोड, मग ब्रश टेकव.”

संहिता बसली. खरीखुरी बसली. मनगटाला मनगट टेकवलं. जगातल्या सगळ्या मुंग्या एकदम तळपायांत गोळा झाल्या होत्या, पण पाय तिने हलू दिले नाहीत. अनिमेष तिच्या खांद्याशी वाकला होता. त्याच्या स्वेटरला पावसाचा आणि लोकरीचा वास येत होता. तिने श्वास सोडला. एक टिंब. पुन्हा श्वास... दुसरं टिंब.

दोघांनी मिळून पाहिलं.

भटकभवानी काणी झाली होती. एक डोळा पार लांब, क्षितिजापलीकडे लागलेला. दुसरा थेट समोर, वाकून बघणाऱ्या अनिमेषवर रोखलेला.

अनिमेष हसू लागला. आवाज न करता, खांदे हलवत, चष्मा काढून डोळे पुसत. संहिताही हसली आणि हसता हसता तिने कपाळ त्याच्या खांद्याला टेकवलं. तिथेच ठेवलं.

“पुसून पुन्हा काढू?” त्याने विचारलं.

“नको. बरोबर आलंय.”

तिने खिशातून फोन काढला. सोमवारपर्यंत थांबायचं कारण उरलं नव्हतं. साहेबांना तिने लिहिलं की दोन वर्षं जमणार नाही. सहा महिने येईन, पण परत यायची तारीख आधी लेखी हवी. नसेल जमत तर दुसऱ्या कुणाला पाठवा. आजवर इतकी गावं झाली, पण परतीची तारीख तिने कधी कुणाला मागितली नव्हती. मागावी असं परतायचं ठिकाणच नव्हतं. पाठवायच्या आधी तिने फोन अनिमेषसमोर धरला. त्याने दोनदा वाचलं. अर्थात सावकाश.

“आणि ते नाही म्हणाले तर?”

“तर तुझ्या सरदाराला उजवा हात बसवत बसेन इथेच.”

“आणि हो म्हणाले तर?”

संहिताने बटण दाबलं. फोन उपडा ठेवला आणि मूर्ती त्याच्या तळहातावर ठेवली.

“तर ही तुझ्याकडे. मी येईपर्यंत.”

“न्यूनेनचं घर गार असतं,” तो म्हणाला. “तिथे ही सारखी पांढरी पडणार.”

“मग हातात धरायची.”

“वेळ लागतो तिला.”

“तुला कधीपासून घाई झाली?” संहिता म्हणाली.

बाहेर मराइकेने घंटा वाजवली. सामना सुरू होत होता. दोघंही लगेच उठले नाहीत. अनिमेषने मूठ मिटली, दुसऱ्या हाताने तिचा हात धरला, आणि चहा तसाच राहिला.